टाकीपर्यंतची फेरी

कुणाच्याही गाडीत बसले की माझी नजर आधी चालवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे जाते. तो हात टेपच्या बटनाकडे किती वेळा जातो, हे मी मोजते. आवाज जरा वाढवला, एक. जरा कमी केला, दोन. गाणं बदलायला गेला तर ते धरायचं नाही, तसा नियमच आहे. ही खोड मला राजेशमअण्णांनी लावली. आम्ही पुण्याला आलो तेव्हा माझे यजमान म्हणाले, सगळं सामान आणलंस ते ठीक, पण हे तरी सोलापुरात ठेवून यायचं होतंस.

राजेशमअण्णा अक्कलकोट रोडच्या कडेला, एका शटरच्या दुकानात गाड्यांचे स्पीकर बसवायचे. दुकानावर पाटी होती, पण रंग उडून तिच्यावर फक्त 'कार टेप' एवढंच उरलं होतं. गाड्यांमधून टेप जाऊन जमाना झाला. अण्णांना त्याचं काही नव्हतं. बोट लावायची काच असलेला नवाकोरा स्क्रीन आणलात तरी ते त्याला टेपच म्हणायचे. अंगाने वाळकुडे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर आणि लवंगा एकत्र. त्या लवंगांना तांब्याच्या तारेचा वास यायचा आणि त्या ते येणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने द्यायचे.

मी पहिल्यांदा गेले ती वडिलांची गाडी घेऊन. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने चारचाकी घेतली, आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर नाइलाजाने माझ्या गळ्यात घातली. गाडी अठरा वर्षांची, बाकी ठणठणीत. पण गाणं लावलं की चालवणाऱ्याच्या बाजूच्या दारातून टर्रर्र असा आवाज यायचा. गाणारा कितीही मोठा असो, त्याच्या घशात काहीतरी अडकलंय असं वाटायचं.

'स्पीकर बदलायचेत,' मी म्हणाले.

अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मग म्हणाले, 'तुमी टीचर न्हाय का? माझी पोरगी सुजाता तुमच्याकडं होती. आठवीला. सहामाहीत मराठीत नापास केलता तुमी तिला.'

शिक्षकाला गावात असे पालक कुठेही भेटतात आणि अशा वेळी हवापाण्याचं बोलणं सोयीचं असतं. पण अण्णाच पुढे म्हणाले, 'बरं केलं. घरात आमचं समदं तेलुगू. नापास झाली म्हणून बसली अभ्यासाला. आता तीच माझ्या चुका काढतीय.' त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'टीचर' झाले ती कायमची.

मग त्यांनी विचारलं, 'गाडीत कोण कोण बसतं?'

मला वाटलं, चौकशा. पण तो त्यांच्या कामाचा पहिला प्रश्न होता. कोण पुढे बसतं, कोण मागे, मागे बसणारा डाव्या बाजूला की उजव्या, त्याला झोप लागते का. सगळं ऐकून घेतल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. गिऱ्हाईक स्पीकरचं नाव सांगत आलं, की म्हणायचे, 'नाव ऱ्हाऊ दे. माणसं सांगा.'

'आधी दार बघू,' असं म्हणून त्यांनी दाराचं आतलं कव्हर अलगद उचकटलं, क्लिपा एका वाटीत मोजून ठेवल्या, आणि दाराच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो सहा इंची स्टीलची पट्टी घेऊन. खिडकीच्या काचेच्या फटीतून ती कधीतरी आत पडली होती आणि गाण्याच्या प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर थरथरत होती.

'दार गातंय टीचर. स्पीकरवर उगं आळ.'

ती पट्टी वडिलांची होती, वर्कशॉपातली. ती हरवली तेव्हा माझ्या धाकट्या भावानेच कुठेतरी नेऊन टाकली असं ठरवून वडील त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. मी तिथूनच फोन लावला आणि पट्टी कुठे सापडली ते सांगितलं. मग वडील म्हणाले, 'मंग त्यानं त्याच येळी दारात बघायचं न्हवतं व्हय?'

त्या दिवशी अण्णांनी मला स्पीकर विकलेच नाहीत. दाराच्या पत्र्याला आतून जाड चिकट शीट लावली, स्पीकरच्या कडेने फोमची पट्टी बसवली. मागच्या एका स्पीकरला कुणीतरी तारा उलट्या जोडल्या होत्या, म्हणजे एक स्पीकर पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. 'नवराबायकोसारखं,' असं म्हणून त्यांनी त्या सुलट केल्या. 'कंपनीचा स्पीकर गरीब असतो, वाईट नसतो. त्याला घर नीट करून दिलं तर बिचारा वाजतो.'

आणि मग फेरी. दुकानापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. गिऱ्हाईकाने गाडी चालवायची, त्याच्या आवडीचं गाणं लावायचं, अण्णा मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसणार. तुम्हाला वाटेल ते डोळे मिटून ऐकत असतील. छे. ते तुमच्या हाताकडे बघत असत. जाऊन-येऊन हात एकदाही आवाजाच्या बटनाकडे गेला नाही, तर काम झालं. गेला, तर पुन्हा दार उघडायचं.

'माणूस तोंडानं मस्त मस्त म्हणतं,' ते सांगायचे. 'पण वाढवावं वाटलं म्हणजे काहीतरी ऐकू येत न्हाय. कमी करावं वाटलं म्हणजे काहीतरी टोचतंय. बरोबर असलं की हात गप बसतो.'

त्या दिवशी माझा हात गप बसला. त्या फेरीत मी कितीदा ऐकलेल्या गाण्यात मागे बासरी आहे हे मला पहिल्यांदा कळलं, आणि ते मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला दुसरी लवंग दिली.

त्यानंतर काम असो-नसो, मी शाळेतून येताना तिथे थांबायला लागले. दुकानात एका स्टुलावर त्यांच्या पत्नी पद्माक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या. पान घ्यायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. बोलताना, चहा सांगताना, भांडताना, हात थांबत नसत. गाण्यांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. 'मला काय कळतंय त्यातलं,' म्हणायच्या. 'घरी आल्यावर टीव्हीपण बंद करायला लावते मी.'

या दोघांचं भांडण ही बघण्यासारखी गोष्ट होती, कारण ते ऐकू येत नसे. अण्णा गाडीखाली, पद्माक्का स्टुलावर, आणि दोघांचे ओठ तेलुगूत भराभर हलताहेत. आवाज औषधालासुद्धा नाही. तरुणपणी दोघांनीही कारखान्यात माग चालवले होते. तिथे मागांच्या खडखडाटात कुणाचा शब्द कुणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठांवरून बोलणं वाचायला शिकतात. 'आमचं लग्न असंच ठरलं,' पद्माक्का एकदा म्हणाल्या. 'हे पलीकडच्या मागावरनं विचारले. मी हूं म्हटलं. ते पण त्यांना ऐकू आलं न्हाय, दिसलं.'

अण्णा समोरच्याच्या ओठांकडे का बघतात, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला असं मला वाटलं. अर्धाच झाला होता.

एकदा केम गावचा एक तरणाबांड गडी जुनी जीप घेऊन आला. त्याला मागे धमधम वाजणारा मोठा स्पीकरचा डबा बसवून हवा होता, वेशीत गाडी शिरली की अख्ख्या गावाला कळलं पाहिजे असा.

'गाडीत कोण कोण बसतं?' अण्णा.

'मीच की. आन आजी. तिला दर म्हैन्याला हितं दवाखान्यात आनतो.'

'आता कुटं हाय आजी?'

'दवाखान्यात. सुटंल तासाभरात.'

'मग तिला घेऊन ये. तवर चहा पी.'

आजी आली. नऊवारी, हातात औषधांची पिशवी. अण्णांनी दुकानातला एक डबा जीपमध्ये नुसता ठेवून, तार जोडून, गाणं लावलं. आजीने पोटावर हात ठेवला. 'बाबा, ह्ये आत घुमतंय,' ती म्हणाली. 'मला वाटलं, डाक्टरनं सुई दिली तिनंच होतंय.' नातू ओशाळला. अण्णांनी डबा काढला, पुढचे दोन स्पीकर बदलले, मागे आजीच्या कानाच्या उंचीला दोन छोटे बसवले. फेरीहून परत आल्यावर आजी उतरेचना. 'गानं संपू दे की,' म्हणाली. वेशीतल्या लोकांना काहीच कळणार नव्हतं, पण गडी आपल्या आजीकडे बघून हसत होता.

पुढच्या वर्षी माझ्या गाडीच्या पुढच्या स्पीकरांचे कागदी पडदे खरोखरच फाटले. आता बदलायलाच हवेत, असं अण्णाच म्हणाले. त्यांनी चांगले निवडून आणले, आरशाजवळच्या तिकोन्यात बारीक आवाजाचे दोन इवलेसे ट्विटर बसवले, अर्धा दिवस खपून एकेक तार जोडली. आणि आम्ही फेरीला निघालो.

गाणं सुरू झालं आणि माझ्या कानात सुई गेली. गाणारीचा प्रत्येक 'स' चावत होता. झांजा वाजल्या तेव्हा तर माझे दात शिवशिवले. हात आपोआप बटनाकडे निघाला. आणि त्याच क्षणी आरशात मला अण्णा दिसले. मान जरा पुढे, चेहरा इतका खुशीत, की शाळेत बक्षीस घ्यायला उभी राहिलेली मुलं आठवली. त्यांना यातलं काही टोचत नव्हतं. मी हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. टाकीला वळसा घालताना एका हाताने स्टिअरिंग फिरवलं. सायकलवाला ओरडला.

'झालं की,' दुकानाशी उतरताना अण्णा म्हणाले. 'एकदापण गेला न्हाय.'

मी मस्त म्हणाले. तोंडाने.

त्यानंतर मी गाडीत टेप लावणंच सोडून दिलं. हे सगळं तसंच राहिलं असतं, पण महिनाभराने वडील सोलापूरला आले. पट्टी शोधून देणाऱ्या माणसाला भेटायचंच, असा त्यांचा हट्ट. फिटरला फिटर भेटला, चहा झाला, गप्पा रंगल्या. अण्णांनी विचारलं, नवीन स्पीकर कसे वाटले. वर्कशॉपात आयुष्य घालवलेल्या माझ्या वडिलांना पोटात ठेवणं माहीत नाही.

'कुटं लावती ती,' वडील म्हणाले. 'कानाला चावतंय म्हनती. टेप बंद करून हिंडती.'

अण्णांनी त्यांच्या ओठांवरून ते नीट वाचलं. मग माझ्याकडे वळले.

'तुमी हात दाबून धरला,' ते म्हणाले.

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हातानेच थांबवलं. 'माझ्या पोरीला नापास करताना बरा चालला हात. तवा दाबून धरला न्हाय. मग मलाच का?'

इतकं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, आणि आजही ते आठवलं की वाटते. त्यांच्याकडे खरं सांगणारी एकच वस्तू होती, गिऱ्हाईकाचा हात, आणि तीच मी दडवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून शटर बंद. आठवडा झाला तरी बंदच. मग एके दिवशी शाळा सुटताना पद्माक्का फाटकाशी उभ्या. हातात सूप नव्हतं, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

'धंदा बंद करतो म्हणतेत,' त्या म्हणाल्या. 'कान गेला, आता मी लोकांच्या गाड्या खराब करणार, म्हणतेत. टीचर, मला दोन वर्षं माहीत हाय. कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाय त्यांना. मी उठते, बंद करते. बोलले न्हाय कधी. वाईट वाटंल म्हणून.'

म्हणजे हातावर बसलेली मी एकटी नव्हते. मागाच्या खडखडाटाने अण्णांच्या कानातले बारीक आवाज कधीच नेले होते. मोठे, जाड आवाज शाबूत होते, आणि बोलणं ते ओठांवरून वाचत. त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता नव्हता. आणि बहुतेक त्यांना स्वतःलाही नव्हता. ट्विटर ऐकू येत नव्हता, म्हणून ते वाढवत गेले होते.

आम्ही दोघी घरी गेलो. अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ओठ दिसू नयेत म्हणजे कुणाचं ऐकावं लागत नाही, ही त्यांची युक्ती. पद्माक्का पलंगाला वळसा घालून भिंतीच्या आणि त्यांच्या मधल्या वीतभर जागेत जाऊन उभ्या राहिल्या आणि बिनआवाजाचं तेलुगू सुरू केलं. मला एक अक्षर कळलं नाही. पण अण्णांनी दोनदा डोळे मिटले आणि दोनदा उघडले, आणि शेवटी चपला शोधायला लागले.

'काय म्हणालात?' मी विचारलं.

'गाणं मला कळत न्हाय, पण टोचलेलं कळतंय, म्हटलं. ऐकायला मी बसते, बघायला तुमी बसा.'

त्या आठवड्यात ते कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले आणि कानामागे मशीन लावूनच आले. मी बघतेय हे बघून म्हणाले, 'जुनी गाडी हाय टीचर. कंपनीचे गेले, बाहेरचे बसवले.' घरी ते मशीन वापरायचे. पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा दचकून उभेच राहिले म्हणे. दुकानात मात्र काढून खिशात ठेवायचे, लवंगांच्या शेजारी. 'ह्याचा आवाज ह्याचा हाय, गाडीचा न्हाय. मला फसवायचं.'

माझ्या गाडीपासूनच नवी पद्धत सुरू झाली. पुढे माझ्या शेजारी पद्माक्का, मांडीवर सूप, हात चालू. मागे डाव्या कोपऱ्यात अण्णा. दोनदा परत येऊन दार आणि तिकोने उघडले, तिसऱ्या फेरीत माझा हात गप बसला. खरा. पद्माक्काही काही बोलल्या नाहीत, टाकीपर्यंत जाऊन येईतो त्यांच्या अकरा विड्या झाल्या. हळूहळू लोकांना सवय झाली. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, अक्का आहेत ना? नसतील तर संध्याकाळी येतो.

मग यजमानांची पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशीच मी पेढे घेऊन दुकानात गेले. लांबचा पल्ला आहे, एकदा बघून घेतो, म्हणत अण्णांनी पेढ्याआधी गाडीच घेतली. क्लिपा बघितल्या, दारावर कान सोडून बाकी सगळं लावून बघितलं, आणि म्हणाले, 'चला, टाकी.'

गाणं त्यांनीच लावलं. जुनं तेलुगू, बाईच्या आवाजातलं, मला अनोळखी. आम्ही निघालो. अण्णा आरशात, नजर माझ्या हातावर. माझा हात स्टिअरिंगवर निवांत. टाकीला वळसा घातला. परतीच्या रस्त्यावर, मला शेजारून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि मी पाहिलं तर पद्माक्कांचे हात थांबले होते. पान अर्धं वळलेलं, तसंच सुपात ठेवलेलं. आणि त्यांचा उजवा हात सावकाश पुढे गेला, आणि त्यांनी आवाज दोन घरं वाढवला.

मागून अण्णा काय म्हणतात म्हणून मी आरशात पाहिलं. ते पुढे झुकले होते.

'का?' त्यांनी विचारलं.

पद्माक्कांनी मान वळवली, त्यांना ओठ दिसावेत म्हणून. 'काही न्हाय. चांगलं वाटलं,' त्या म्हणाल्या, आणि त्यांचे कान लाल झाले.

अण्णा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. वाटेत लागलेला सिग्नल हिरवाही झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

'टीचर,' शेवटी ते म्हणाले, 'हात गेला. काम फसलं. दार उघडावं लागंल.'

'अण्णा, त्यांनी आवडलं म्हणून वाढवलं.'

'नियम म्हणजे नियम.'

मी सकाळी निघाले ते दुपार करूनच घरी पोचले. ट्रकवाला सामान चढवून वाट बघत होता आणि यजमान माझं नाव घेऊन काय बोलले ते इथे सांगत नाही. दुकानातून निघताना मागे वळून पाहिलं, ते मला दिसलेले शेवटचे अण्णा. दार पुन्हा बसवून झालं होतं, ते शटरपाशी हात पुसत उभे होते, आणि स्टुलावरच्या पद्माक्कांना आवाज न करता काहीतरी विचारत होते. पद्माक्कांचे हात सुपात चालू होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ओठ हलले, आणि ते मला दिसले. तेलुगू येत नसूनही या वेळी मला कळलं. हूं म्हणाल्या.